भूमिगत खाणीतील वाहनाची जागा : किती अचूक, कोणत्या दिशेने आणि कशाच्या संदर्भाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका भूमिगत धातुखाणीत लोडर (पुढच्या बकेटने फुटलेला खडक उचलून नेणारी यंत्रे) आणि डंपर वेगवेगळ्या लेव्हलवर, म्हणजे एकाखाली एक असलेल्या पातळ्यांवर, फिरतात. त्या प्रत्येक वाहनाची जागा सतत आणि १० सेंटिमीटरच्या आत कळावी, अशी अपेक्षा आहे. एक विक्रेता अल्ट्रा वाइडबँड रेडिओ सुचवतो, दुसरा लायडार (लेसर किरणांनी भोवतालची अंतरे मोजणारे उपकरण), तर तिसऱ्याच्या मते चांगली जडत्वीय यंत्रणा (वाहनाचा प्रवेग आणि वळणे वाहनावरच मोजणारी) बसवली की बाकी कशाचीच गरज उरत नाही. यांपैकी काय निवडावे?

माझे उत्तर असे की, तिघेही आपापल्या परीने खरे बोलत आहेत आणि तिघांपैकी कोणाच्याही एकट्याच्या जोरावर हे काम होणार नाही. पण यंत्रांकडे वळण्यापूर्वी त्या १० सेंटिमीटरच्या आकड्याची फोड करावी लागेल. बोगद्यातील वाहनाची चूक सगळ्या दिशांना सारखी नसते. वाहन बोगद्यात किती पुढे गेले ही एक बाब, ते डाव्या भिंतीपासून किती अंतरावर आहे ही दुसरी, त्याचे तोंड नेमके कुठे आहे ही तिसरी आणि ते कोणत्या लेव्हलवर आहे ही चौथी. या चारही गोष्टी वेगवेगळ्या साधनांनी कळतात, आणि एका गोष्टीत निष्णात असलेले साधन दुसऱ्या गोष्टीत बहुधा आंधळे असते. ज्या निविदेत फक्त ‘अचूकता १० सेंटिमीटर’ एवढेच लिहिलेले असते, तिच्यात पुढच्या भांडणाची सोय आधीच करून ठेवलेली असते.

शिवाय प्रत्येक कामाची गरज वेगळी असते. गरजेनुसार हवा सोडण्यासाठी वाहन कोणत्या विभागात शिरले एवढे कळले तरी पंखा नियंत्रित करता येतो, आणि त्यासाठी २० मीटरची चूकही चालते. डंपरच्या फेऱ्या मोजण्यासाठी तो लोडिंगच्या जागी आणि ओअर पासजवळ (धातुक खालच्या लेव्हलवर सोडण्याच्या विवराजवळ) पोहोचला की नाही, एवढेच हवे असते. चालकाविना लोडर चालवायचा असेल, तर मात्र ५ मीटर रुंदीच्या बोगद्यातून अडीच-तीन मीटर रुंदीचे यंत्र न घासता न्यायचे असते. तिथे आडव्या दिशेची चूक २० सेंटिमीटरच्या आत हवी, पण पुढे-मागे अर्धा मीटर इकडेतिकडे झाला तरी सरळ बोगद्यात काही बिघडत नाही. ओअर पासच्या तोंडाशी तोच अर्धा मीटर महागात पडतो. आणि भोके पाडणाऱ्या जम्बोला चालताना नव्हे, तर उभे राहिल्यावर काही सेंटिमीटरची अचूकता लागते, तीही बूमच्या, म्हणजे ड्रिल धरणाऱ्या हाताच्या, टोकाशी. तेव्हा १० सेंटिमीटर कुठे, कोणत्या दिशेने आणि कोणत्या क्षणी हवेत, हे आधी ठरवून घ्या. सगळीकडे तेवढी अचूकता मागितली, तर खर्च वाढेल आणि जिथे ती खरोखर हवी तिथेच मिळणार नाही.

उपग्रहांचा विषय लवकर संपवतो. उघड्या आकाशाखालीही जीपीएसचा संकेत इतका क्षीण असतो की काही मीटर खडक त्याला पुरतो. जमिनीवरच्या अँटेनातून तो केबलने खाली आणून पुन्हा प्रसारित करण्याची कल्पना दर काही वर्षांनी कोणीतरी नव्याने मांडतो. त्या प्रक्षेपणाच्या टप्प्यातला प्रत्येक रिसीव्हर आपली जागा म्हणून जमिनीवरच्या त्या अँटेनाचीच जागा सांगतो, कारण सगळ्या उपग्रहांचे संकेत एकाच वाटेने खाली आलेले असतात आणि खालच्या वाटेचा उशीर सगळ्यांना सारखाच लागतो. घड्याळ जुळवण्यासाठी ही युक्ती चांगली आहे, जागेसाठी निरुपयोगी.

मग उरते ते वाहनाने स्वतःचा हिशोब स्वतः ठेवणे, म्हणजे चाक किती फिरले आणि तोंड किती वळले हे जोडत जाणे. हा सगळ्यात जुना आणि आजही सगळ्या यंत्रणांचा कणा असलेला मार्ग आहे. त्याची अडचण टायरपासून सुरू होते. लोडरच्या टायरची त्रिज्या ८० सेंटिमीटर धरली आणि झिजून ती ३ सेंटिमीटरने कमी झाली, तर प्रत्येक फेऱ्यामागे जवळपास चार टक्के अंतर जास्त मोजले जाते. ३०० मीटरच्या वाटेवर ही चूक सुमारे १२ मीटर होते. बकेट भरलेली असताना पुढचे टायर दबतात, हवा कमी-जास्त होते, एखादा टायर बदलला जातो आणि उरलेले तीन जुनेच राहतात. म्हणून टायरची त्रिज्या हा एकदा भरून ठेवायचा आकडा नाही. दोन पक्क्या खुणांमधल्या प्रत्येक फेरीत ती नव्याने अंदाजली गेली पाहिजे, आणि कालमन फिल्टरमध्ये (सगळी मापे त्यांच्या खात्रीनुसार एकत्र करून जागेचा अंदाज काढणाऱ्या गणितात) तिला जागा व दिशेइतकेच स्वतंत्र स्थान असले पाहिजे.

लोडर मध्यावर दुमडतो, स्टिअरिंगच्या चाकांनी वळत नाही, ही गोष्ट कार किंवा रोबोटवर काम करून आलेले अभियंते हमखास विसरतात. पुढचा भाग आणि मागचा भाग यांच्यात ४० अंशांपर्यंत कोन पडतो. तुमचा अँटेना मागच्या भागावर आणि लायडार पुढच्या भागावर असेल, तर सांध्याचा कोन मोजणाऱ्या एन्कोडरशिवाय ही दोन मापे एकमेकांशी जोडताच येत नाहीत. शिवाय वळताना टायर थोडे आडवेही सरकतात, विशेषतः ओल्या तळावर आणि भरलेल्या बकेटसह. १९९० च्या दशकात या यंत्रांच्या स्वयंचलनावर जे संशोधन झाले, त्यात ही आडवी सरक न धरलेली प्रतिरूपे वळणावर किती झपाट्याने भरकटतात हे स्पष्ट झाले होते. मी स्वतः एक साधा नियम पाळतो : बकेट ढिगात घुसली आणि हायड्रॉलिक दाब चढला की चाकांच्या मापावरचा विश्वास जवळपास शून्यावर आणायचा. त्या क्षणी चाके जागच्या जागी फिरत असतात आणि एन्कोडर मात्र वाहन खडकातून पुढे निघाले आहे असे प्रामाणिकपणे सांगत असतो.

दिशेसाठी जायरो, म्हणजे वळण्याचा वेग मोजणारे उपकरण, लागतो. दिशेत १ अंशाची चूक असेल, तर १०० मीटर पुढे गेल्यावर वाहन पावणेदोन मीटर बाजूला गेलेले दिसते. साध्या जायरोचा ढळ ताशी १० अंश धरला, तर ६ मिनिटांत दिशा १ अंशाने ढळते. ताशी १० किलोमीटर वेगाने तेवढ्या वेळात वाहन १ किलोमीटर जाते आणि हिशोबातली जागा साडेआठ मीटरहून अधिक बाजूला सरकते, म्हणजे भिंत ओलांडून खडकात जाते. यावरचा स्वस्त उपाय म्हणजे थांबणे. वाहन पूर्ण थांबले आहे हे ज्या ज्या वेळी कळते, त्या त्या वेळी जायरो जे काही दाखवतो तो त्याचा ढळच असतो. मात्र त्यातून पृथ्वीच्या स्वतःच्या फिरण्याचा, म्हणजे ताशी सुमारे १५ अंशांपैकी त्या अक्षांशावर उभ्या अक्षाभोवती येणारा वाटा, आधी वजा करावा लागतो. ढळ आणि पृथ्वीचे फिरणे या दोन्ही गोष्टी इथे एकाच मापाच्या असल्यामुळे ही वजाबाकी टाळता येत नाही. इंजिन चालू असताना यंत्र थरथरत असते, म्हणून दोन-चार सेकंदांची सरासरी पुरत नाही. मी किमान १५-२० सेकंद घेतो आणि चाकांचा एन्कोडर व सांध्याचा कोन दोन्ही स्थिर असल्याची खात्री करतो.

तिसरा विक्रेता म्हणतो तसे केवळ जडत्वीय यंत्रणेवर का भागत नाही, हेही इथेच समजते. प्रवेगमापकात गुरुत्वाच्या एक हजारांश एवढी चूक असली आणि प्रवेगावरूनच जागा काढली, तर एका मिनिटात साडेसतरा मीटरची चूक जमते. एवढीच चूक यंत्र ०.०६ अंशाने तिरके बसवल्यानेही होते. ही यंत्रणा सेकंदभराच्या हालचाली उत्तम सांगते, पण मिनिटांचा हिशोब तिच्या हाती देऊ नये. एक प्रसिद्ध अपवाद आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. कोळशाच्या लाँगवॉलमधील, म्हणजे कोळशाची लांब सलग भिंत कापत नेण्याच्या पद्धतीतील, शिअररची (कापणाऱ्या यंत्राची) जागा जडत्वीय मापनाने ठरवण्याचे तंत्र ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेने विकसित केले आणि ते जगभर वापरले जाते. पण तिथे शिअरर कन्व्हेयरच्या वाटेवर बांधलेला असतो, तो त्याच फेसवरून (कापायच्या भिंतीवरून) पुन्हा पुन्हा जातो, त्या वाटेवरचे अंतर एन्कोडरने मिळते आणि वापरला जाणारा जायरो फार वरच्या दर्जाचा असतो. मोकळ्या चाकांवर चालणाऱ्या लोडरला यांपैकी एकही सवलत नाही.

होकायंत्राबद्दल एवढेच सांगतो की, छताला आधार देणारे रूफ बोल्ट, जाळी, पाइप, केबल आणि स्वतः यंत्राचे वीस-तीस टन पोलाद यांच्यामध्ये त्याला उत्तर दिशा सापडण्याची आशा धरू नये. वायुदाबमापकाची गंमत मात्र वेगळी आहे. हवेचा दाब दर मीटरला सुमारे १२ पास्कलने बदलतो, त्यामुळे २५ मीटर अंतरावरच्या दोन लेव्हल ओळखण्यास तो पुरेसा वाटतो. पण व्हेंटिलेशनच्या दाराच्या दोन बाजूंना शेकडो पास्कलचा फरक असतो. डंपर दारातून पलीकडे गेला की सपाट रस्त्यावरच तो एकदम ३० मीटर खाली किंवा वर गेल्याची नोंद होते. लेव्हल ओळखायची असेल, तर रॅम्पच्या (लेव्हल जोडणाऱ्या उतरत्या रस्त्याच्या) प्रत्येक फाट्यावर एक साधा रेडिओ टॅग लावावा. तो जागा सांगत नाही, फक्त ‘या फाट्यावरून गेलो’ एवढेच सांगतो, पण तेवढेच हवे असते. एकाखाली एक वळत जाणाऱ्या रॅम्पमध्ये नकाशावर वरून पाहिले, तर तीन लेव्हल एकाच बिंदूवर येतात. मी पाहिलेल्या चुकीच्या नोंदींमध्ये लेव्हलची गफलत सर्वांत जास्त वेळा आढळली आहे. सेंटिमीटरच्या चर्चेत ही २५ मीटरची चूक कोणी विचारातही घेत नाही.

आता रेडिओ. संकेत किती जोरात येतो यावरून अंतर ठरवणाऱ्या पद्धती बोगद्यात काही मीटरांपासून कितीतरी मीटरांपर्यंत चुकतात, कारण बोगदा लहरींना नळीसारखा वाहून नेतो, त्या भिंतींवर आपटून एकमेकींत मिसळतात, आणि मध्ये एक डंपर आला की सगळा हिशोब बदलतो. अल्ट्रा वाइडबँड ही निराळी गोष्ट आहे. ते संकेताचा जोर मोजत नाही, संकेत पोहोचायला लागलेला वेळ मोजते. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. किमान ५०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा वापरल्यामुळे स्पंद इतका तीक्ष्ण असतो की थेट आलेला पहिला संकेत आणि भिंतीवरून आलेला नंतरचा संकेत वेगळे काढता येतात. टॅग (वाहनावरचे उपकरण) आणि अँकर (बोगद्यात पक्के लावलेले उपकरण) यांच्या घड्याळांत थोडाफार फरक असतोच. तो फरक दशलक्षात २० भाग एवढा असला आणि उत्तर पाठवायला ३०० मायक्रोसेकंद लागले, तर त्या काळात ६ नॅनोसेकंदांची तफावत पडते. एकेरी जा-ये पद्धतीत तिची निम्मी, म्हणजे ९० सेंटिमीटर, अंतराच्या मापात उतरते. म्हणून दुहेरी जा-ये करून मोजणारी पद्धत वापरतात, जिच्यात ही तफावत जवळपास पूर्ण नाहीशी होते. मोकळ्या दृष्टिरेषेत अशा यंत्रांचे अंतराचे माप १० ते ३० सेंटिमीटरच्या आत येते, आणि विक्रेता तेच सांगत असतो.

तो सांगत नाही ती गोष्ट भूमितीची आहे. मोकळ्या सभागृहात चार कोपऱ्यांत चार अँकर लावले की दोन्ही दिशांची जागा सारखीच चांगली कळते. बोगद्यात अँकर लावायला दोनच भिंती आणि एक छत असते, तेही एका लांब रेषेत. समजा, वाहन बोगद्यात आहे आणि अँकर ४० मीटर पुढे, वाहनापासून आडव्या दिशेने ४ मीटर बाजूला आहे. वाहन १ मीटर आडवे सरकले, तर अँकरपासूनचे अंतर फक्त सुमारे १० सेंटिमीटरने बदलते. म्हणजे उलट बाजूने पाहिले, तर अंतराच्या मापातली १० सेंटिमीटरची चूक आडव्या जागेत १ मीटर होऊन बाहेर येते. पुढे-मागे दिशेची जागा मात्र तेच माप जवळपास जशीच्या तशी, १० सेंटिमीटरच्या अचूकतेने देते. अँकर वाढवून यात फारसा फरक पडत नाही, कारण तेही त्याच रेषेत असतात. सगळे अँकर एकाच भिंतीवर असतील, तर त्या भिंतीच्या या बाजूला की खडकात पलीकडच्या बाजूला, हेही यंत्रणेला स्वतःहून कळत नाही. त्यासाठी नकाशाची मदत घ्यावी लागते. अडथळा मध्ये आला की मिळणारे अंतर नेहमी खऱ्यापेक्षा जास्त असते, कधीच कमी नसते, कारण संकेत वळसा घालून आलेला असतो. ही एकतर्फी चूक सरासरी काढून जात नाही. फिल्टरला ती एकतर्फी आहे हे सांगावे लागते.

लायडारची परिस्थिती बरोबर उलटी आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या उत्तराचे मर्म इथेच आहे. लायडार दोन्ही भिंती पाहतो, त्यामुळे आडवी जागा आणि दिशा तो फार चांगल्या तऱ्हेने सांगतो. काही सेंटिमीटर आणि अंशाचा काही भाग, एवढी त्याची चूक असते. पण शॉटक्रीट (फवारलेले काँक्रीट) मारलेल्या सरळ, एकसारख्या बोगद्यात तो पुढे-मागे दिशेला आंधळा असतो. १० मीटर पुढे गेल्यावरही त्याला समोर तेच दिसते जे मागे दिसत होते. अशा ठिकाणी स्कॅन जुळवणारा प्रोग्राम चुकला आहे असेही सांगत नाही. दोन स्कॅन उत्तम जुळले म्हणून तो समाधानी असतो आणि वाहन थांबले आहे असा निष्कर्ष काढतो. म्हणून जुळणीच्या गणितातून प्रत्येक दिशेची खात्री वेगळी काढली पाहिजे आणि जिथे पुढे-मागे दिशेची खात्री नाही, तिथे लायडारचे ते माप सरळ टाकून दिले पाहिजे. फाटा आला, भिंतीत कोनाडा आला किंवा खडकाचा ओबडधोबडपणा वाढला की त्याची ती नजर परत येते.

म्हणजे लायडारला जी दिशा दिसत नाही, तीच रेडिओला सर्वांत स्वच्छ दिसते, आणि रेडिओला जी दिसत नाही ती लायडारला. मध्ये दोघेही काही सेकंद गप्प असतील, तेव्हा चाके व जायरो हिशोब पुढे नेतात. दोन विक्रेत्यांमध्ये निवड करण्याऐवजी दोघांकडून निम्मे-निम्मे घेणे हाच यातला स्वस्त मार्ग ठरतो, कारण मग रेडिओचे अँकर दाट लावावे लागत नाहीत. आडव्या जागेसाठी त्यांची गरजच नसते. लांब सरळ तुकड्यात दर १०० मीटरला एक आणि फाट्यांच्या आसपास एकेक, एवढ्यावर भागते, अर्थात वाहनापर्यंत दृष्टिरेषा मिळत असेल तर. केवळ रेडिओवर आडवी अचूकता मिळवायचा प्रयत्न केला, तर १० किलोमीटर रस्त्यावर दर ५० मीटरला दोन या हिशोबाने ४०० अँकर लागतात, प्रत्येकाची जागा सर्व्हेअरला मोजावी लागते, प्रत्येकाला वीज द्यावी लागते, आणि इतके करूनही वरच्या भूमितीतून सुटका होत नाही.

धुळीचा उल्लेख केल्याशिवाय लायडारबद्दल बोलणे अपुरे राहील. ब्लास्टिंगनंतरचा धूर, ओअर पासमध्ये खडक पडताना उठणारा लोट आणि पाणी मारल्यावरचे धुके यांत पहिला परावर्तित किरण बहुधा धुळीचाच असतो. एकापेक्षा अधिक परावर्तने नोंदवणारा लायडार घ्या आणि शेवटचे परावर्तन वापरा. तेवढ्याने पुष्कळ काम होते, पण दाट लोटात तोही हरतो. ७७ गिगाहर्ट्झचा रडार धुळीतून पाहतो, पण त्याची नजर ढोबळ असते. मी त्याचा वापर जागेसाठी कमी आणि वेगासाठी जास्त करतो, कारण चाके घसरत असताना जमिनीच्या सापेक्ष खरा वेग सांगणारे तेच एक साधन उरते. कोळशाच्या वायुग्रस्त खाणीत तर आणखी एक अडचण असते. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असताना स्फोटक ठरतो, म्हणून उपकरण ज्वालारोधक पेटीत किंवा अंतर्गत सुरक्षित (स्फोट पेटवण्याइतकी ऊर्जाच नसलेल्या) बांधणीत हवे. लायडारसमोर जाड काच आली की काचेतले परावर्तन आणि किरणाचा बदललेला मार्ग यांची दुरुस्ती करावी लागते. कागदावरची अचूकता त्या पेटीबाहेरची असते, हे लक्षात ठेवा.

आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टी वाहनावरच्या आहेत. पण जागा नेहमी कशाच्या तरी संदर्भाने सांगितली जाते, आणि खाणीत तो संदर्भ सर्व्हेअरने बांधलेला असतो. जमिनीवरचे निर्देशांक शाफ्टमधून सोडलेल्या ओळंब्याच्या तारांनी खाली आणले जातात, दिशा जायरो-थिओडोलाइटने (खरी उत्तर दिशा शोधणाऱ्या सर्व्हेच्या उपकरणाने) तपासली जाते आणि तिथून छतातल्या खुणांची माळ पुढे पुढे जाते. अँकरची जागा या खुणांवरून टोटल स्टेशनने (अंतर आणि कोन एकत्र मोजणाऱ्या सर्व्हेच्या उपकरणाने) घेतली, तर ती दोन-तीन सेंटिमीटरमध्ये येते. नकाशावर पाहून फीत लावून घेतली, तर अर्धा मीटर इकडे की तिकडे हे कोणीच सांगू शकत नाही, आणि मग वाहनावर कितीही महाग यंत्रणा असली, तरी उपयोग होत नाही. त्यातही खडक स्थिर नसतो. दाबाखालच्या बोगद्यात बाजू आत येतात, तळ फुगतो, शॉटक्रीटचा नवा थर चढतो. लायडारच्या नकाशावर तारीख असली पाहिजे, आणि तो नकाशा कोणत्या तुकड्यात जुना झाला आहे हे वाहनांच्या रोजच्या स्कॅनमधूनच काढता आले पाहिजे.

या बाबतीतला एक प्रसंग सांगतो. एका खाणीत यंत्रणा महिनाभर व्यवस्थित चालल्यावर एका तुकड्यात लोडर फाट्यावर वळायला किंचित उशीर करू लागले. फिल्टरमध्ये सगळे आलबेल दिसत होते, एकही माप नाकारले जात नव्हते. आम्ही जायरो बदलला, लायडारची काच पुसली, केबल तपासल्या, आणि तीन दिवस असेच गेले. शेवटी मी टायरच्या त्रिज्येचे अंदाज छापून पाहिले. एका अँकरच्या अलीकडच्या १०० मीटरमध्ये प्रत्येक गाडीचा टायर एक टक्क्याने लहान झालेला दिसत होता आणि पलीकडच्या १०० मीटरमध्ये एक टक्क्याने मोठा. टायर एका बाजूला झिजून दुसऱ्या बाजूला वाढू शकत नाही, तेही सगळ्या गाड्यांचे एकाच वेळी. तिथे जाऊन पाहिले, तर छतातील दुरुस्तीच्या वेळी तो अँकर काढून पुन्हा टांगला होता, पण एक रूफ बोल्ट पुढे. सव्वा मीटरची ती चूक फिल्टरने निमूटपणे टायरमध्ये लपवली होती. त्या दिवसापासून प्रत्येक अँकरच्या पाठीमागे छतावर रंगाची खूण आणि क्रमांक असतो, आणि टायरच्या त्रिज्येचा तुकडावार आलेख मी दर आठवड्याला स्वतः पाहतो.

याच प्रसंगावरून फिल्टरबद्दलची माझी एक सूचना निघते. येणारे माप अपेक्षेपासून फार दूर असेल तर ते नाकारण्याची सोय प्रत्येक फिल्टरमध्ये असते, आणि ती हवीच. पण ढिगात चाके घसरल्यावर फिल्टरची स्वतःची अपेक्षाच चुकलेली असते. त्याला आपल्या चुकीचा अंदाज नसेल, तर तो त्यानंतर येणारी खरी मापे एकामागून एक नाकारत बसतो. म्हणून सलग किती मापे नाकारली गेली याची मोजदाद ठेवावी. दोन स्वतंत्र साधने एकमेकांशी जुळत असून फिल्टरशी जुळत नसतील, तर फिल्टरने माघार घ्यावी आणि वाहनाने वेग कमी करावा. जागेसोबत तिची खात्रीही दिशेनुसार बाहेर दिली पाहिजे. चालकाविना चालणाऱ्या वाहनाने त्या खात्रीवरून वेग ठरवावा, केवळ जागेवरून नव्हे.

वेळेच्या जुळणीबद्दल थोडेच लिहितो, कारण तिचे गणित सोपे आहे, फक्त ते करायला लोक विसरतात. ताशी २० किलोमीटर वेगाने वाहन १०० मिलिसेकंदांत ५५ सेंटिमीटर जाते. लायडारचे माप आणि रेडिओचे माप यांच्या वेळेच्या शिक्क्यांत एवढी तफावत असेल, तर १० सेंटिमीटरची चर्चा तिथेच संपते. वाहनावरची सगळी उपकरणे एकाच घड्याळाला बांधा, आणि शिक्का माप संगणकाला मिळाल्याच्या नव्हे, तर माप घेतल्याच्या क्षणाचा असू द्या. त्याचप्रमाणे ‘वाहनाची जागा’ म्हणजे वाहनावरच्या कोणत्या बिंदूची जागा, हेही ठरवा. अँटेनापासून बकेटची कड ६ मीटर पुढे असेल, तर दिशेतली २ अंशांची चूक त्या कडेला २० सेंटिमीटरने हलवते.

एक इशारा स्वतंत्रपणे द्यायला हवा. माणूस आणि यंत्र यांची टक्कर टाळण्यासाठी या यंत्रणेवर विसंबू नका. तिथे नकाशावरची जागा नको असते, दोघांमधले थेट अंतर हवे असते, आणि नेटवर्क बंद पडले तरी ते मिळाले पाहिजे. अमेरिकेने २०१५ मध्ये कंटिन्युअस मायनिंग यंत्रांवर (कोळसा सलग कापणाऱ्या यंत्रांवर) सान्निध्य ओळखणारी यंत्रणा सक्तीची केली. तिथे वापरात असलेल्या यंत्रणा यंत्राभोवती कमी वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात आणि कामगाराच्या अंगावरचा टॅग त्या क्षेत्राची तीव्रता मोजतो. त्याच देशात सागो खाणीतील दुर्घटनेनंतर २००६ च्या कायद्याने आणीबाणीत कामगार कुठे आहेत हे कळण्याची इलेक्ट्रॉनिक सोय मागितली, पण ती गरजही निराळी आहे, तिथे सेंटिमीटर लागत नाहीत, यंत्रणा अपघातातून वाचणे लागते.

तर तुमच्या खाणीसाठी माझी जुळणी अशी असेल. प्रत्येक लोडरवर दोन्ही टोकांना लायडार, कारण लोडर मागे जितका चालतो तितकाच पुढे. चाकांवर आणि सांध्यावर एन्कोडर. ताशी एखाद्या अंशाच्या ढळाचा जायरो, त्याहून वरच्या दर्जाची गरज नाही, कारण लायडार दर काही सेकंदांनी दिशा दुरुस्त करत असतो. लांब सरळ तुकड्यांत आणि फाट्यांवर अल्ट्रा वाइडबँडचे सर्व्हे केलेले अँकर, रॅम्पच्या प्रत्येक फाट्यावर लेव्हलचा टॅग, आणि ओअर पास व लोडिंगच्या जागी लायडारला दिसणाऱ्या परावर्तक पट्ट्या. यातून आडव्या दिशेला १० ते १५ सेंटिमीटर आणि पुढे-मागे ३० ते ५० सेंटिमीटर सर्वत्र मिळतील. १० सेंटिमीटरची पुढे-मागे अचूकता फक्त परावर्तकांपाशी मागा. डंपरला चालक असेल, तर त्याला लायडारची गरज नाही. तुलनेसाठी एवढे सांगतो की, २०२१ मध्ये केंटकीतील लुइव्हिल इथे पार पडलेल्या, डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या भूमिगत रोबोट स्पर्धेच्या अंतिम फेरीत, आधी न पाहिलेल्या जागी शोधलेल्या वस्तूचे स्थान ५ मीटरच्या आत सांगितले की गुण मिळत. तुमच्याकडे सर्व्हे आणि नकाशा हाताशी आहे, म्हणूनच त्याहून कितीतरी पट पुढची मागणी करणे शक्य होते.

यंत्रणा स्वीकारण्यापूर्वीची चाचणी विक्रेत्याच्या स्क्रीनवर नव्हे, छतातल्या खुणेखाली घ्या. वाहनाच्या टपावर एक बारीक खूण करा, सर्व्हेच्या खुणेतून ओळंबा सोडा, वाहन त्याखाली आणून उभे करा आणि ओळंब्याचे टोक टपावरच्या खुणेपासून बोगद्याच्या लांबीत किती आणि आडवे किती आहे, हे पट्टीने मोजा. ही दोन मापे यंत्रणेने त्याच क्षणी दिलेल्या जागेशी ताडून पाहा. असे किमान २० खुणांखाली, दोन्ही दिशांनी येऊन, रिकाम्या आणि भरलेल्या बकेटने करा. चालत्या वाहनासाठी टोटल स्टेशन आणि प्रिझम लावा. चुकांची सरासरी मान्य करू नका. शंभरातील ९५ मापे ज्या आत येतात तो आकडा, लांबीच्या आणि आडव्या दिशेचा वेगवेगळा, लिहून घ्या. त्यात ब्लास्टिंगनंतरची पहिली पाळी, एक टायर बदलल्यानंतरची पहिली फेरी आणि मुद्दाम एक अँकर बंद ठेवून केलेली फेरी धरा. आणि हीच चाचणी सहा महिन्यांनी त्याच खुणांखाली पुन्हा घेण्याची अट करारात आधीच घाला, कारण तोवर निम्मे अँकर एकदा तरी काढून पुन्हा टांगलेले असतील.